निळा म्हणालो

"रंग कसला हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"निळा," मी म्हणालो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, संध्याकाळी साडेसहाचा सुमार. खळ्यात स्कूटर मधल्या स्टँडवर उभी होती, तिचं उजवीकडचं पत्र्याचं कव्हर तुळशीला टेकवून ठेवलेलं. मिस्त्री पाटावर बसलेले, मी किकवर. प्लग काढून पुन्हा त्याच्या टोपीत खोचला होता आणि फडक्यात धरून इंजिनाच्या हेडला टेकवला होता. प्लग बाहेर असला की किकला जोर लागत नाही, पाय सुळकन खाली जातो आणि आपल्याला उगीचच वाटतं की इंजिन आपलं ऐकतंय. चार-पाच किका मारल्या. मिस्त्री डोळे बारीक करून माझ्या हाताकडे बघत राहिले, मग त्यांनी मान फिरवली आणि रंग विचारला. सगळं आयुष्य स्कूटरी उघडण्यात घालवलेला माणूस ठिणगीचा रंग दुसऱ्याला विचारत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन 'बघू पुढं' करत करत लांबलेलं. "पिवला दिसतो, तांबडा दिसतो," ते म्हणाले होते, "निला कवाच गेला." मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश आधी अडतो, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी माझ्या डोक्यात सात वाजताची मीटिंग होती, मानेवर डास होते आणि पोफळींच्या मधून येणारं उतरतं ऊन सरळ डोळ्यांवर होतं. काहीतरी चमकलं खरं. ते निळं असावं अशी माझी फार इच्छा होती.

"मग करंट बरा हाय," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलात बघू."

त्या एका शब्दावर आमचे सात आठवडे गेले.

ठिणगीला आमच्याकडे कुणी ठिणगी म्हणत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली की जमलेल्या चार जणांपैकी एक हमखास विचारतो, "करंट येतोय काय?" दुसरा विचारतो, "पेट्रोल येतंय काय?" टू-स्ट्रोक इंजिनाचं बहुतेक शास्त्र या दोन प्रश्नांत आटोपतं. तिसरा काही न विचारता गाडी एका अंगावर तिरकी करायला सांगतो, आणि बऱ्याचदा त्याचंच खरं निघतं. आमच्या गाडीचं दुखणं असं की दोन्ही प्रश्नांना ती हो म्हणायची. सकाळी थंड असताना तिसऱ्या किकेला सुरू. हर्णै बंदरापर्यंत सपाटीने मजेत जायची, मासळीच्या लिलावाच्या गर्दीत शहाण्यासारखी हळू चालायची. दापोलीकडे निघालं की आसूदच्या चढावर, ऐन मध्यावर, आधी फटफट करायची, मग एक उसासा टाकून गप्प. वीस मिनिटं थांबायचं. झाडाखाली उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्यांना "काही नाही, जरा गरम झालीय" असं सांगायचं. मग किक मारली की लगेच सुरू, नुकतंच काय झालं त्याचा मागमूस नाही.

असं होण्याची दोन मोठी कारणं असतात आणि मिस्त्रींना दोन्ही पाठ होती. पहिलं, टाकीच्या झाकणाला हवा आत यायला जे बारीक भोक असतं ते बुजलेलं असतं. पेट्रोल खाली जातं, हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा शिरते आणि पुन्हा सगळं सुरळीत. दुसरं कारण करंटाचं. मॅग्नेटच्या आत करंगळीच्या शेवटच्या पेराएवढा एक कंडेन्सर असतो, तो म्हातारा झाला की थंडपणी काम करतो आणि तापला की हात टेकतो. बाहेरून दोन्ही दुखणी जुळ्या भावंडांसारखी. वेगळी ओळखायची ती ठिणगीच्या रंगावरून. निळी, जाड, चट् आवाज करणारी ठिणगी असेल तर करंटाचा संशय मागे पडतो. मी निळा म्हणालो, तेव्हा मिस्त्रींनी निम्मं जग खोडून टाकलं.

मग त्यांनी उरलेल्या निम्म्या जगात अतिशय प्रामाणिकपणे शोध घेतला. झाकणाचं भोक सुईने मोकळं केलं. पेट्रोल कॉकची जाळी धुतली. कार्बोरेटर उतरवून जेट तोंडाने फुंकून उजेडासमोर धरला आणि तिथेही मलाच विचारलं, "आरपार दिसतंय?" सायलेन्सर काढून चुलीतल्या निखाऱ्यांत घातला, आतला काजळीचा थर जाळून ठोकून पाडला, आई दोन दिवस नाकाला पदर लावून होती. पेट्रोलात तेल जास्त पडतंय म्हणून माप बदललं. हल्ली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून त्याच्यावरही राग काढून झाला. पाऊस लागला. दर दोन-तीन दिवसांनी मी आसूदला जायचो आणि दर वेळी तिथेच, त्याच वळणाच्या थोडं अलीकडे, गाडी उसासा टाकायची. मिस्त्री आपल्या बोटांना दोष देऊ लागले. "हात गेला आता माझा," एकदा म्हणाले. त्यावर मी "छे हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

स्कूटर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. चेतक. १९७२ साली ही गाडी बाजारात आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन, आणि पुढची कितीतरी वर्षं तिच्यासाठी लोक नाव नोंदवून वाट बघत बसले. अण्णांचा नंबर सात वर्षांनी लागला, १९८४ मध्ये. फिकट हिरवा रंग, बाठ न धरलेल्या कैरीच्या फोडीसारखा. तेव्हा गावात दुसरी स्कूटर नव्हती, म्हणून ती आमची कमी आणि गावाची जास्त होती. अडलेल्या बाईला दापोलीला न्यायचं, मुंबईहून आलेल्या पाहुण्याचं सामान एस.टी. स्टँडवरून आणायचं, गणपतीत भटजींना चार वाड्या फिरवायचं. मी पुढे उभा, हँडल आणि सीटच्या मधे, हनुवटी हेडलाइटच्या मागच्या पत्र्यावर. अण्णांच्या पोटाची ऊब पाठीला आणि समोरून येणारा वारा तोंडाला. रात्री दापोलीहून परत येताना आसूदचा उतार लागला की एक मजा व्हायची. या गाडीचा दिवा इंजिनाच्या जोरावर जळतो. इंजिन जोरात तर दिवा लख्ख, इंजिन हळू तर दिवा समईएवढा. उतारावर इंजिन हळू करावं तर पुढचं वळण दिसत नाही. म्हणून अण्णा क्लच दाबून मधूनमधून रेस द्यायचे. अंधारात एकदम रस्ता उघडायचा, गडग्यावरची फर्न, एखादा थांबलेला बैल, पुन्हा सगळं विझायचं. आठ-दहा झगमगाटांत आम्ही घाटी उतरायचो. मला वाटायचं, रस्ता अण्णाच तयार करतायत, लागेल तेवढाच.

अण्णा पोस्टात होते. पोस्ट म्हणजे एका घराची पडवी, एक टेबल, एक वजनकाटा आणि शिक्क्याची शाईची गादी. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मनीऑर्डरी यायच्या, गिरणगावातून जास्त. अंगठा उठवून पैसे घेतले की बायका तिथेच उकिडव्या बसायच्या आणि अण्णांकडून पत्र लिहून घ्यायच्या. शाळा सुटल्यावर मी तिथे बसून गृहपाठ करायचो, त्यामुळे अर्ध्या गावाची गुपितं मला चौथीतच माहीत होती. बाई सांगायची ते असं: गाय गेली, धाकटीला ताप हटत नाही, दीर वाटणी मागतोय, छप्पर गळतंय. अण्णा मान डोलवत ऐकायचे. सगळं सांगून झालं की बाई जरा वेळ गप्प बसायची आणि म्हणायची, "पन ता नको लिवू. ते उगीच काळजी करतील. बरा हाय म्हणून लिव." मग अण्णा आंतर्देशीयावर त्यांच्या गोल अक्षरात लिहायचे: इकडील सर्व क्षेम असे, तिकडील क्षेम कळवावे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डरी आटल्या, तिकडून रिकामी पत्रं येऊ लागली. त्यांचीही सुरुवात इकडील सर्व क्षेम अशीच. उपाशी माणूस उपाशी माणसाला क्षेम कळवत होता आणि मधे अण्णा तिकिटावर शिक्का मारत होते. खरी बातमी फक्त तारेने यायची. म्हणून तार आली की रडारड आधी आणि वाचन नंतर. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पेपर घडी करून ठेवत ते म्हणाले, "आता वाईट बातमीला वाहन उरलं नाही." विनोद होता की काय ते कळलं नाही. त्यांच्या बऱ्याच बोलण्याचं असंच व्हायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मी पुण्यात, टाळेबंदीत अडकलेला. तीन दिवस फोन नाही. टीव्हीवर श्रीवर्धन दिसायचं, दापोली-मंडणगडचं नाव खालच्या पट्टीत धावायचं. चौथ्या दिवशी अण्णांचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून सड्यावर चढून गेले होते, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. वारा फोनमध्ये ऐकू येत होता. "काही नाही रे, थोडी कौलं सरकलीत," म्हणाले. "तू यायची घाई करू नकोस. इकडे सगळं ठीक आहे." मी ठीक आहे म्हणालो. ते ठीक आहे हे मला हवंच होतं, ई-पासची खटपट, मुलीची ऑनलाइन शाळा, रस्ते बंद. दहा दिवसांनी पोचलो तेव्हा पडवीचं सगळं छप्पर खळ्यात होतं. आगरातल्या पोफळी एकाच दिशेला झोपलेल्या, भांगाच्या केसांसारख्या. माड मुळांसकट उलथलेले आणि त्यांच्या खड्ड्यांत पाणी. आणि पडवीच्या वाशांखाली, कौलांच्या ढिगात, कैरीच्या रंगाचा एक मडगार्ड. अण्णा ढिगाच्या कडेला खुर्ची टाकून चहा घेत होते. मला बघून म्हणाले, "स्कूटरला काही झालेलं नाही."

त्या वेळी मला हसू आलं होतं.

त्यानंतर ती ताडपत्रीखाली गेली. अण्णा २०२२ मध्ये गेले. मग कधीतरी पुण्याचं काम घरून करता येतं असं ठरलं, आई एकटी राहायला तयार नव्हती आणि पुण्यालाही यायला तयार नव्हती, म्हणून मी इकडे आलो. ताडपत्री काढली तेव्हा सीटमध्ये मुंगुसाने घर केलेलं होतं. पुढचं मिस्त्रींनी केलं. टाकी धुतली, केबली बदलल्या, टायर बसवले. मिस्त्री म्हणजे अण्णांचेच मिस्त्री. हर्णैच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, स्कूटरी कमी झाल्यावर ते मासेमारीच्या बोटींची इंजिनं बघू लागले आणि डोळे अधू झाल्यावर तेही सोडलं. जुन्या चेतकचं उत्पादन केव्हाच थांबलं. आता त्याच नावाची विजेवर चालणारी आली आहे, तिच्यात पेट्रोल नाही की ठिणगी नाही. शेजारच्या मुलाने घेतली आहे. आसूदच्या चढावर मी उभा असताना तो आवाज न करता बाजूने जातो आणि मागे वळून हात करतो. चांगला मुलगा आहे, पण मला त्या हाताचा राग येतो.

जुलैच्या मध्यावर एका रात्री, उशीर झालेला असतानाही, मी औषधं आणायला दापोलीकडे निघालो आणि नेहमीच्या जागी अडकलो. पाऊस नुकताच थांबलेला, झाडांवरून ठिबकणारा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खालून केशवराजाच्या देवळाच्या बाजूने पऱ्याचा आवाज. वीस मिनिटं काय करायचं म्हणून पाना काढला, प्लग खोलला, टोपीत खोचून हेडला टेकवला आणि किक मारली. त्या अंधारात मी पहिल्यांदा ती ठिणगी पाहिली. उदबत्तीच्या टोकाएवढी तांबडी-पिवळी, सुतासारखी बारीक, तीसुद्धा तीन किकांत एकदा. आवाज नाही. बोटं गरम हेडला लागून चटकली तरी मी किका मारत राहिलो, एकदा तरी निळी येईल म्हणून. आली नाही.

आणि तिथे उभा असताना मला स्वच्छ आठवलं की मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी ऊन डोळ्यांवर होतं आणि मी काहीच पाहिलं नव्हतं.

खोटं बोललो असंही म्हणवत नाही. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. मला माहीतच करून घ्यायचं नव्हतं. निळा म्हटलं की मिस्त्री खूश, मी मोकळा, सातची मीटिंग वेळेवर. हे इतकं सहज तोंडातून गेलं की त्याच्यामागे बरीच वर्षांची तालीम असणार. पडवीतलं ते टेबल, ती शाईची गादी, सड्यावरचा तो वारा. पण अण्णांवर ढकलणंही सोपंच झालं. ती बाई काय लपवते आहे ते अण्णांना पुरतं माहीत असायचं. त्यांनी ते शब्दन्‌शब्द ऐकून घेतलेलं असायचं आणि मग क्षेम लिहिलेलं असायचं. मी ऐकून न घेताच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच आठवड्यात झालं होतं, घरच्यांनी अखेर पाऊस सरायची वाट न बघता करून आणलं. काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, धुरात जायचं नाही, अशी यादी त्यांच्या सुनेने मलाच वाचून दाखवली. मिस्त्रींचं लक्ष समोरच्या गोठ्यावर टाकलेल्या ताडपत्रीकडे. "ही एवडी निली हाय?" म्हणाले. "मला वाटलं, जुनी झालीय." मग समुद्राबद्दल काहीतरी बोलले, मग नातवाच्या शर्टाबद्दल. मी अर्धा तास बसलो. चहा झाला. उठता उठता म्हणालो, "मिस्त्री, करंट वीक आहे. काल अंधारात बघितला. तांबडा आहे." ते काही बोलले नाहीत. मे महिन्यात निळा होता तो जुलैत तांबडा झाला, असंही होऊ शकतं, मशीन आहे. त्या फटीतून मी निसटू शकलो असतो. "तेव्हाही तांबडाच असणार," मी म्हणालो. "मी नीट बघितलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून फडक्याने पुसला, परत लावला. "मग माजा हात नाय गेला," एवढंच म्हणाले.

त्या शनिवारी ते आमच्या खळ्यात खुर्चीवर बसले आणि मी जमिनीवर. मॅग्नेट, म्हणजे फ्लायव्हील, पुलरने ओढून काढायचा असतो; हातोडा मारायचा नाही, मारला तर चुंबकाचा जोर उतरतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं. निघाला तेव्हा आत जे दिसलं ते बघून मला आजीची आठवण झाली. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात कुणी ताक ठेवलं की ती वास घेऊनच ओळखायची, "कळकलंय, ओता." इथे तांब्याच्या तारांच्या टोकांवर तोच हिरवा कळंक, खाऱ्या हवेने सावकाश चढवलेला, वर तेलाची ओल आणि तिच्यात लाल धूळ. कॉइलच्या प्लेटवर पॉइंट. दोन एवढ्याशा धातूच्या टिकल्या, मॅग्नेटच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उघडतात आणि मिटतात. मिटलेल्या असताना कॉइलमधून वीज वाहत असते, उघडल्या की ती एकदम तुटते आणि त्या तुटण्याच्या धक्क्यानेच पुढच्या एच. टी. कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका उठतो. वाहण्यातून ठिणगी येत नाही, तुटण्यातून येते, हे मला माहीत नव्हतं. आणि तुटतानाची ती वीज टिकल्यांमध्येच पेटून वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर, तो तेवढा एक क्षण तिला पोटात घेतो. तो थकला की ठिणगी जिथे पडायला नको तिथे पडते, पॉइंटवर, आणि जिथे पडायला हवी तिथे उरलेलं पोचतं.

"नख फिरव," मिस्त्री म्हणाले. फिरवलं. एका टिकलीवर खड्डा, समोरच्या टिकलीवर बरोबर त्या मापाचा उंचवटा. इकडचा धातू वितळून कणाकणाने तिकडे गेलेला. वर्षानुवर्षं हे चाललं असणार, अण्णांच्या वेळेपासून. फायबरची टाचही झिजली होती, त्यामुळे पॉइंट धड उघडतच नव्हते. फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर हवी; आमच्याकडे कागद जेमतेम शिरत होता. मग मी तो प्रश्न विचारला जो सात आठवडे मनात होता: थोडी का होईना, ठिणगी तर होती, सपाटीवर गाडी पळत होती, मग चढावरच का? मिस्त्रींनी हाताची मूठ वळून दाखवली. बाहेर मोकळ्या हवेत उडी मारणं सोपं, १ मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्ट पुरतात. (आकडा माझा, त्यांनी नुसतं "थोडक्यात भागतं" म्हटलं.) इंजिनाच्या आत हवा दाबलेली असते, तिच्यातून उडायला कितीतरी जास्त जोर लागतो. चढावर एक्सिलेटर पूर्ण पिळला की आत आणखी मिश्रण, आणखी दाब. वरून कंडेन्सर तापलेला. "भाईर उडते ती आत उडंल असा नाय," ते म्हणाले. "बोटीचा डिझेल बरा. त्याला ठिणगीच लागत नाय. नुसत्या दाबानं पेटतो." हे बोलताना त्यांचा आवाज जरा कोरडा होता, आणि मला वाटलं ते इंजिनाबद्दलच बोलतायत. त्यांचं सगळं बोलणं इंजिनाबद्दलच असतं. मीच बाकीचं ऐकतो.

पॉइंट आणि कंडेन्सर दापोलीत मिळाले नाहीत. पुण्याच्या नाना पेठेतून मागवले, मेहुण्याने एस.टी.च्या पार्सलाने पाठवले. तोवर मी तारांची टोकं खरवडून पुन्हा डाग दिला, अर्थिंगची पट्टी पॉलिश पेपरने घासून उजळ केली, तेलाची ओल पुसून काढली. जुना कंडेन्सर टाकवेना. अण्णांनी कधीतरी तो बसवून घेतला असेल याच खळ्यात, याच मिस्त्रींकडून. त्याच्या नळीवर काही लिहिलेलं होतं, घासून गेलेलं. शेवटी तो काडेपेटीच्या खोक्यात घालून अण्णांच्या टेबलाच्या खणात ठेवला, शिक्क्यांच्या लाकडी मुठींशेजारी. काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा मात्र मिस्त्रींनी फाडून घेतला. पॉइंटची फट लावायला त्यांना फिलर गेज लागत नाही. पुठ्ठा मधे धरून मी स्क्रू आवळला, त्यांनी पुठ्ठ्याचं टोक दोन बोटांत धरून ओढून पाहिलं आणि "जरा सैल" म्हणाले. पुन्हा ओढलं. "आता."

ऑगस्ट लागला होता. आम्ही मुद्दाम अंधार पडायची वाट पाहिली. आईने खळ्यातला दिवा बंद केला. मी प्लग हेडला टेकवला, किकवर पाय ठेवला. मिस्त्री खुर्चीत पुढे झुकले, सून नाही असं बघून. एका डोळ्यावर अजून जुना मोतीबिंदू, दुसऱ्यात नवं भिंग.

किक मारली. चट्.

"रंग सांग," मिस्त्री म्हणाले.

त्यांना आता दिसत होतं. मी अंधारात त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा मांडीवर काढून ठेवलेला. पुन्हा किक मारली, पुन्हा, दहा-बारा वेळा, आणि या वेळी डोळे प्लगच्या टोकावरून हलू दिले नाहीत.

"निळा," मी म्हणालो. मग आणखी दोन किका. "पण मधेच एक तांबडी येते. चार-पाच किकांनी एकदा."

"आली ना?" ते मागे टेकून बसले. "नवा कंडेन्सरबी बोगस निगाला बग. नायतर अर्थ परत सैल झालाय. काढ मॅग्नेट."

मी कंदील लावायला उठलो. पुलर तुळशीपाशी राहिला होता. पडवीतून आईने विचारलं, "झाली का रे गाडी?"

"नाही," मी म्हणालो.